बेंतोची गवाही

आमच्या घरात एकच खून झाला, तोही पोर्तुगीज भाषेत. मेलेला माणूस म्हणजे दों आन्सेल्मो नावाचा द्राक्षमळ्यांचा मालक, आणि त्याचा मुडदा सापडला तो द्राक्षं तुडवायच्या दगडी हौदात. आष्टीपासून तासाभराच्या पायवाटेवर असलेल्या आमच्या धनगरवस्तीवर ही खबर मीच आणली, थोडी थोडी करून, आणि घरच्यांनी ती अशी चघळली की कुणाला वाटावं, भावकीतलाच कुणी गेलाय. मी तेव्हा अकरावीत होते. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि एकदा 'तुला जमायचं नाही' असं कुणी म्हटलं की झालंच, मग ते काम माझ्या हातून सुटायचं नाही. या खोडीनं आयुष्यात मला जेवढा त्रास दिला तेवढंच पोटालाही घातलं, म्हणून तिला नावं ठेवत नाही.

हा खून ज्या पुस्तकात होता, ते माझ्या हाती आलं शेळीच्या दुधापायी. आष्टीच्या सरकारी दवाखान्यात फिलोमिना सिस्टर म्हणून एक नर्स होत्या. गोव्यातल्या साष्टीच्या. लग्न केलेलं नव्हतं, केस आखूड, चालणं शिपायासारखं. साष्टीची बाई आष्टीत कशी येऊन पडली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यांना चहा शेळीच्या दुधाचाच लागायचा, आणि शाळेला जाताजाता दुधाचा तांब्या त्यांच्या खोलीवर पोचवायचं काम माझं होतं. खोलीत एक लोखंडी खाट, येशूची तसबीर, स्टोव्ह आणि फळीवर दहाबारा पुस्तकं. त्यातल्या एकाच्या मुखपृष्ठावर डोंगर होता, डोंगरावर मेंढरं होती आणि खाली लाल अक्षरं. मेंढरं दिसली म्हणून मी ते उचललं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "ठेव गो तें. पोर्तुगीज आसा. तुका कळचें ना."

झालं. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "शिकवा मग."

त्यांना ते आधी पोरखेळ वाटलं. अक्षरं इंग्रजीचीच, ती मला येत होती, पण त्यांचे आवाज सगळे निराळे. सिस्टर स्टोव्हशेजारी उभ्या राहायच्या आणि मी चुकले की चमच्यानं भांड्यावर टण् करायच्या. पंधरा दिवस मी कळत नसलेली वाक्यं नुसती मोठ्यानं वाचत होते आणि त्या टण् टण् करत होत्या. मग त्यांनी एक जाडजूड कोश दिला, पोर्तुगीजवरून इंग्रजीचा, आणि नियम घातला. पान पूर्ण झाल्याशिवाय मला काही विचारायचं नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ तरी मला कुठं येत होता! तो शाळेतल्या कोशात शोधायचा. म्हणजे एक शब्द पोर्तुगालहून निघायचा, इंग्लंडात मुक्काम करायचा आणि मग आमच्या माळावर पोचायचा, तोवर तो पार दमलेला असायचा. पहिल्या पानाला मला नऊ दिवस लागले. दुसऱ्याला सात. सुट्टीत मेंढरांमागं असताना वही जवळ नसली तर मी शब्द बॉलपेननं दंडावर लिहून आणत असे. शाळेतल्या मुली विचारायच्या, पोर्तुगीज सासर बघितलंय का गं? मी म्हणायचे, हो, तुमच्यासारख्या भोचक नणंदा नाहीत म्हणून.

आज मला कुणी विचारतं, इतक्या सोप्या सोप्या पद्धती असताना तुम्ही एकदम कादंबरीच का घेतलीत? मी खरं ते सांगते. व्याकरणाचं पुस्तक मी दहाव्या पानावर विहिरीत फेकलं असतं. खून कुणी केला, हे कळायला मात्र दुसरा काही मार्गच नव्हता.

घरी आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आबांची विधवा बहीण, जिला सगळी वस्ती आत्याच म्हणायची. दिवस मावळताना मेंढरं घरी असली की कोकरं आयांना शोधत ओरडायची, आई चुलीपुढं बाजरीची भाकरी थापायची, आत्या टकळीवर लोकर कातायची आणि आबा पाय लांब करून बसायचे. हुलग्याची शेंगुळी रटरटत असली की त्या लसणाच्या वासानं कुणाचं बोलण्यात लक्ष नसायचं, पण त्या दिवसांत शेंगुळ्यांपेक्षा दों आन्सेल्मोचा भाव वधारला. आमच्यात गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हा मान आत्याचा. ती टकळीला झटका द्यायची, "हं" म्हणायची आणि मी पुढं सांगायचे.

शक चौघांवर होता. मालकाचा पुतण्या, डॉक्टर, स्वयंपाकीणबाई आणि बेंतो नावाचा धनगर. शोध घ्यायला एक म्हातारा, निवृत्त न्यायाधीश आलेला, त्याच्या पायाला वाताची कळ. आत्याचा शक पहिल्यापासून स्वयंपाकीणबाईवर, कारण खून झाला त्या सकाळी तिनं भाकरी केली नव्हती. "जिला ठावं हाय की खानारा मेलाय, तीच पीठ मळत नसती," आत्या म्हणाली. आबांना बाकी कुणाशी देणंघेणं नव्हतं. बेंतोला पोलिसांनी धरून नेलं त्या संध्याकाळी ते पाय आवरून ताठच बसले.

"मंग मेंढरं कुनी सोडली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "तसं काही लिवलेलं न्हाई."

"तीन दिस मानूस कोंडलाय आन् मेंढरं वाघरीतच? पानी न्हाई, चारा न्हाई?" वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "हा कसला लिवनारा हाय बे! खुन्याच्या मागं लागलाय आन् त्याच्या म्होरं कळप मरायलाय!"

आईनंसुद्धा भाकरी तव्यावर विसरून त्या लेखकाला दोन शिव्या घातल्या. मी दुसऱ्या दिवशी सिस्टरना हे सांगितलं तेव्हा त्या खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, पोर्तुगालात हे कुणाच्या लक्षात आलं नसणार.

असं चाललं होतं, आणि मग नारायणतात्यांची मोटर गेली.

दिवाळीनंतर आमची मेंढरं लोकांच्या रानात बसवायला बोलावणी येत. कळप रात्रभर रानात बसला की लेंड्यांचं खत मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो आणि धनगर वाघरीशेजारी झोपतो. त्या वर्षी आबा तात्यांच्या रानात होते. तात्या गावातले भले बागायतदार, आबांचे बरोबरीचे, दोघं लहानपणी एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. दहा दिवसांची बोली होती. सहाव्या दिवशी सकाळी विहिरीवरची पाण्याची मोटर जागेवर नव्हती. विहीर वाघरीपासून हाकेच्या अंतरावर. आबा म्हणाले, मला आवाज आला नाही. तात्या विहिरीत डोकावले, वाघरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून नगा बसवू."

एवढंच. चोर असं कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर आबा भांडले तरी असते. ठाण्यातला एक जण येऊन दोन प्रश्न विचारून गेला, आणि त्यानंतर आम्हाला कुठल्याच रानातून बोलावणं येईना. पारावर आबा गेले की बोलणं चालूच राहायचं, फक्त विषय बदललेला असायचा. आबांचं जेवण अर्ध्यावर आलं. आई भाकरी वाढायची आणि ते ताट हातानं मागं सारायचे. मला त्या वेळी सगळ्या गावाचा संताप आला होता, आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो आबांच्या गप्प बसण्याचा.

संध्याकाळची गोष्ट मात्र त्यांनी थांबू दिली नाही. उलट आता ते दारातच माझी वाट पाहायचे. डॉक्टर काय म्हणाला, पुतण्या कुठं गेला, काही विचारायचे नाहीत. एकच प्रश्न. "सुटला का?"

"न्हाई अजून."

"सुटल. मेंढराजवळ झोपनारा मानूस आसलं काम करीत नसतो. त्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला कळल. शिकलेला मानूस हाय त्यो."

माझ्या ध्यानात आलं की बेंतोचा निकाल लागला की आपलाही लागणार, असं आबांनी मनाशी धरलंय. मग मी पानाचा हिशेब सोडला. शाळा बुडवली, कोश काखेत मारला आणि दिवसाला चार-चार, पाच-पाच पानं उपसायला लागले. आता शब्दही तितके अडत नव्हते. कुठल्याही भाषेत 'निर्दोष' हा शब्द मला लांबूनही दिसला असता, इतकी मी त्याच्या मागावर होते. तो दिसला नाही. शेवटाला पंचवीसेक पानं उरली असताना बेंतोनं स्वतः न्यायाधीशाला सांगितलं की खून मी केला. त्याची मेंढरं एकदा द्राक्षांत शिरली होती, म्हणून मालकानं त्यांच्या पाण्याच्या डोणीत विष कालवलं होतं. मी ते पान तीनदा वाचलं. प्रत्येक शब्द कोशात पुन्हा पाहिला, येत होते तेसुद्धा. कोशानं काही दया दाखवली नाही.

त्या संध्याकाळी आबांनी विचारलं, "सुटला का?" आणि मी म्हणाले, "सुटला. पुतन्यानं केलता खून."

आत्या "हं" म्हणाली. मी पुढं रचत गेले. पुतण्याच्या अंगरख्याला द्राक्षाचा डाग, न्यायाधीशानं तो ओळखला, बेंतो डोंगरावर परत गेला. फार सुरेख रचलं मी. आबांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

माझं पुढचं सगळं आयुष्य पणजीत जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करण्यात गेलं. जमिनीचे कागद, वाटण्या, मृत्युपत्रं. समोर दोन भाऊ बसलेले असतात, दोघंही माझ्या तोंडाकडं बघत, आणि कागदात काय आहे ते त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक असतं. अशा वेळी मी अजून एकेक ओळ दोनदा वाचते. लोकांना वाटतं बाईंचं वय झालं. मला त्या दोन भाकऱ्या आठवत असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, तांबडा पटका बांधला आणि ते गावात गेले. परत आले ते छाती काढून. पारावर त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली होती. वर म्हणाले होते की हे मी म्हणत नाही, छापील पुस्तक म्हणतंय, पुस्तक गवाही देतंय. आबांना वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा छापील अक्षरावर केवढा विश्वास असतो हे शिकलेल्या माणसाला समजणार नाही. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं असणार, आम्हाला पण दाखवा ते पुस्तक. आबांनी ते मनावर घेतलं.

"सोमवारी समदे बसनार हायती," ते म्हणाले. "तात्या बी. सुंदे, तू पुस्तक घिऊन यायचं आन् ते पान वाचून दावायचं. पैलं त्यांच्या भाषेत, मंग आपल्या."

मी दूध घेऊन आष्टीला पळत गेले. सिस्टरनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "बेंतोकडे पावलीस?" मी मान डोलावली, पोचले होते. त्या म्हणाल्या, त्यांच्या पप्पांनी लहानपणी हे पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा बेंतोसाठी त्याही रडल्या होत्या. मग मी घरी काय सांगितलं ते सांगितलं, आणि सोमवारचंही. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे, तिथं कुणाला कळणार आहे. बीड जिल्ह्यात ते पान वाचू शकणाऱ्या आम्ही दोघीच. त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं आणि त्यावर आपला हात ठेवला.

"हें पुस्तक तुजें न्हय," त्या म्हणाल्या. "तुजें जाल्यार बदल."

म्हणजे, तुझं असेल तर बदल. त्यांना ड्यूटीवर जायचं होतं, त्या गेल्या.

मी शाळेत गेले नाही. तशीच परत फिरले. आबा माळावर होते, बाभळीखाली. वाटेत मी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं, आणि शेवटी त्यांच्यापुढं उभी राहून एका दमात बोलून टाकलं. आबा, मी खोटं सांगितलं. खून बेंतोनंच केला.

आबा खाली बसले. मला वाटलं, काठी उचलतील, आणि खरं सांगते, उचलली असती तर बरं वाटलं असतं.

"कावून केला त्यानं?" त्यांनी विचारलं.

मी विषाचं सांगितलं.

"किती मेली?"

"बासष्ट."

आबांनी डोळे मिटले. "बासष्ट," ते म्हणाले. मग हळूहळू, एकेक शब्द तोलत बोलले. "माझी बासष्ट कुनी मारली तर मी काय करीन, मला सांगता यायचं न्हाई, पोरी. पन मोटर मी नेली न्हाई."

"मला म्हाईत हाय, आबा. सोमवारी मी पुतन्याचंच सांगते. कुनाला कळतंय?"

"न्हाई."

"लोक हसतील. म्हनतील, बगा, धनगरच निघाला."

"हसू दे. खोट्या पुस्तकाच्या जोरावर मला सुटायचं न्हाई. जे हाय ते सांग." आणि मग, लहान मुलाचं व्हावं तसं त्यांचं तोंड वाकडं झालं. "लई आशा लागलीती गं मला त्याची."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माळावर बसून आम्ही दोघं बापलेक एका पोर्तुगीज धनगरासाठी रडलो.

सोमवारी पारावर पंधरा-वीस माणसं होती. तात्या एका कडेला, काठीवर हनुवटी टेकून. बायका लांब भिंतीशी. मी ते पान पोर्तुगीजमधून वाचलं. एकही उच्चार चुकला नाही, भांड्यावर टण् झालं नसतं, याची मला खात्री होती. लोक तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मग मी मराठीत सांगितलं. बेंतोनं सांगितलं की खून त्यानं केला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी हसला. "च्यायला, धनगरच निघाला की बे!" आणि हशा पसरला.

आबा उभे राहिले. ओरडले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबले.

"इतं ही भाषा वाचनारं दुसरं कुनी हाय का?" त्यांनी विचारलं. कुणी नव्हतं. "पोरगी पुतन्या म्हनली असती तर तुमी माना डोलावून घरी गेला असता. तिला ठावं व्हतं, खरं सांगितलं की तिच्या बापाची इज्जत जाती. तरी खरंच बोलली. ती माझ्या घरात वाढली. माझी भाकरी खाऊन वाढली. आता तुमचा शक तुमच्यापाशी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चल, सुंदे."

आम्ही निघालो. कुणी हाक मारली नाही, पण कुणी हसलंही नाही. वाटेत आबा मला म्हणाले, जिथनं खोटं सांगितलंस तिथनं आज परत सांग. आत्या माझ्यावर चांगलीच उखडली होती, खोट्या गोष्टीला तिला हुंकार द्यायला लावला म्हणून. पण ऐकायला बसली. उरलेली पंचवीस पानं मी त्या आठवड्यात वाचून काढली, पुढं आणखी पुस्तकं वाचली, आणि सिस्टर निवृत्त होऊन साष्टीला परतल्या तेव्हा आबांनीच मला त्यांच्यासोबत गाडीत बसवून दिलं.

मोटर कधीच सापडली नाही. कुणी नेली, ते आजही कुणाला ठाऊक नाही. तात्या तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. आईनं पाणी दिलं, ते प्यायले, आणि कुठंतरी बाजूला बघत म्हणाले, "आजपासून मेंढरं बसवा रानात. चार दिस ऱ्हायल्यात."

आबा लोकरीतले काटे काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसवतो," ते म्हणाले. "पन एक हाय, तात्या. चारी दिस तुमी माझ्याजवळ झोपायचं. वाघरीपाशी."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला आणि चालू पडले. आबांनी कळप हाकला, मी पाठोपाठ वाघर घेऊन गेले. आम्ही जाळी लावत होतो, सूर्य माळाला टेकला होता, आणि ज्वारीच्या धाटांमधून तात्या येताना दिसले. अनवाणी, एकटे, काखेत वाकळ मारून.